दोरी न लावलेली जीप

सोमवारी सकाळी लेले मास्तर सांगलीच्या विश्रामबागेत घारपुऱ्यांच्या खोलीवर पोचले, तर त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत एक बाई बसलेली. मास्तरांचा हिरमोड झाला. बायको गेल्यापासून चार शब्द बोलायला मिळत ते इथेच.

रविवारही त्यांना एकट्यालाच काढावा लागे. कृष्णेच्या घाटावर तीन पायऱ्या खाली एक बोडक्या डोक्याचे गृहस्थ बसत, तेवढीच काय ती सोबत. ते गृहस्थ एक लिफाफा काढून पाहत, परत कोटाच्या आतल्या खिशात घालत आणि वरून तळहातानं दोनदा दाबत. कालही तसंच झालं होतं. कित्येक महिन्यांत दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. पण ते दिसले नाहीत की मास्तरांना चुकल्यासारखं वाटे.

"माझा नवरा चोर न्हाई, सायेब," बाई म्हणाली. तिचं नाव हाजराबी, आली होती कोरेगावहून.

नवरा रहिमान फौजेत मोटार ड्रायव्हर होता. युद्ध संपल्यावर तो लाकडाचे ठेकेदार अर्जुनराव बर्गे यांच्याकडे लागला. अर्जुनरावांनी लष्करी लिलावात जीप घेतली. ओढ्यातले धोंडे पोटाला लागू नयेत म्हणून रहिमाननं दिवाळीत चाकांवरच्या कमानींना जादा पोलादी पाटे घालून ती उंच केली, नवे टायर चढवले. तेवढ्यात जंगलाचा परवाना अडकला आणि जीप शेडमध्ये कुलुपात गेली. किल्ल्या दोन, एक मालकाकडे, दुसरी रहिमानकडे.

"संक्रांतीला शेड उघडली, तर पुढचं टायर खाल्ल्यालं, टाकी कोरडी. रेशनचं पेट्रोल! मालक म्हणत्यात, ह्यानंच गाडी भाड्यानं फिरवली. परवा बुधवारी फौजदार येनार. लायसन जाईल, तुरुंग लागंल. आन ह्यो माणूस तोंडच उघडत न्हाई."

घारपुरे पूर्वी विमा कंपनीसाठी अपघाताच्या मोटारी तपासत. आता खासगी तपास करत. त्यांनी टोपी उचलली.

"मास्तर, येताय ना?"

मास्तरांना न यायला कारणच नव्हतं.

*

बर्ग्यांचं घर गावाबाहेर, वसना नदीला लागून होतं. मंगळवारी सकाळी अर्जुनराव फेटा बांधून ओसरीवर बसले होते. मास्तरांना वाटलं, यांना कुठंतरी पाहिलंय. पण आठवेना.

"गाडी शेडीत उभी, तर टायर काय उंदरानं खाल्लं?" अर्जुनराव कडाडले. "मैलाचा काटा पयल्यापासनं मेलेला, म्हनून ह्याचं फावलं. बिराप्पा धनगरानं लांबनं बगितलंय. शनवारी दुपारी खाकी कोटातला माणूस गाडी नदीत घालत हुता."

"तुम्ही शनिवारी कुठं असता?"

"सांगलीला. वकिलाकडं काम असतंय. सोमवारी परततो."

"दर शनिवारी?" घारपुऱ्यांनी विचारलं. अर्जुनरावांनी फेटा चाचपला. "बरं, गाडी एवढी उंच कशासाठी केलीत?"

"माझ्या पोरासाठी, दिनकरसाठी. ब्रह्मदेशात लढाईत बेपत्ता झालाय, पर येनार हाय. आला की जंगलात हिंडंल." बोलता बोलता अर्जुनरावांनी छातीवर तळहात दोनदा दाबला. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई एकदम आत वळल्या.

शेडमध्ये जीप उभी होती. तिच्यावरचा पांढरा तारा पुसट झाला होता आणि अमेरिकन फौजेची असल्यानं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं. ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला एक घडी केलेली गोधडी टेकवलेली होती. खुंटीवर दिनकरचा जुना खाकी कोट होता.

घारपुरे उकिडवे बसले. पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या. मागच्या टायरांवर मात्र साच्यातून निघालेल्या रबराच्या बारीक मिशा अजून शिल्लक होत्या. मग त्यांनी कमानींना वीत लावली. उजव्या बाजूच्या कमानी डाव्यांपेक्षा चांगल्या दीड बोट बसल्या होत्या.

"ड्रायव्हरच्या वजनानं बसल्या असतील," मास्तर म्हणाले.

घारपुरे नुसते हसले. मास्तरांना ते हसू पाठ होतं. आपण पुन्हा काहीतरी मठ्ठासारखं बोललो, एवढाच त्याचा अर्थ.

रहिमान बाहेर गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता. अंगानं काटकुळा, पण उंच.

"चाकांना दोरी लावली होतीस?" घारपुऱ्यांनी विचारलं.

"न्हाई सायेब. पाटे चढवलं की पुढची चाकं तोंडाला तोंड लावत्यात. दोरी ताणून ती नाकासमोर सरळ करावी लागत्यात. दुसऱ्या दिवशी करनार हुतो, तवर मालकांनी कुलूप घातलं. दोरी लावल्याबिगर गाडी एक मैल न्यायची न्हाई. टायर खाती."

"मग नेली कुणी? किल्ली तर तुझ्याकडे होती."

रहिमाननं मान खाली घातली. "शब्द दिलाय सायेब. तुरुंगात गेलो तरी चालंल."

माजघरात शकुंतलाबाई भिंतीचा आधार घेत आल्या. देह जड, गुडघे सुजलेले. "मला आंगण वलांडवत न्हाई," त्या म्हणाल्या, "गाडीतलं मला काय कळतंय?" मागे भिंतीवर फोटो होता. त्यात दिनकर लष्करी ट्रकशेजारी हसत उभा होता आणि स्टिअरिंगवर पदर खोचून ठेंगणीशी नवी नवरी बसली होती. ती नवरी म्हणजे सून सुहासिनी. आता ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि न विचारताच बोलली.

"रहिमानभाईंना उगाच का धरता? उंच केल्यापासून ती गाडी डावीकडं ओढते. त्यात त्यांचा काय दोष?"

घारपुरे पाणी प्यायले आणि म्हणाले, "सगळ्यांना शेडमध्ये बोलवा."

*

"अर्जुनराव," घारपुऱ्यांनी सुरुवात केली, "टायर मैलांनी झिजले असते, तर मागचेही झिजले असते. त्यांच्या मिशासुद्धा गेलेल्या नाहीत. म्हणजे गाडी फार फिरली नाही; फिरली ती वाकडी चाकं फरफटत. रोजची भाड्याची गाडी नव्हे ही. दर शनिवारी पाच-सात कोसांची एखादी फेरी."

"म्हंजे त्यानंच नेली की!"

"रहिमाननं? दोरी लावली नाही हे ज्याला ठाऊक आहे, टायर खाल्ले जाणार हे जो आधीच सांगतो, तो तशी गाडी नेईल? त्याला न्यायचीच असती, तर दोरी लावायला त्याला अर्धा दिवस पुरला असता. गाडी अशा माणसानं नेली, ज्याला चालवता येतं पण दोरी म्हणजे काय ते ठाऊक नाही."

मास्तरांची नजर गोधडीवर गेली.

"हो मास्तर. रहिमानसारख्या उंच माणसाला पाठीमागे गोधडी कशाला लागेल? ती बुटक्या माणसासाठी आहे. आणि कमानी उजवीकडे बसल्यात. ड्रायव्हर डावीकडे बसतो. म्हणजे शेजारी दर वेळी एकच जड माणूस होतं. धनगराला लांबून दिसला तो फक्त हा खुंटीवरचा कोट. राहता राहिलं ओढणं. उंच केल्यावर गाडी शेडबाहेर निघालीच नाही, तर ती डावीकडं ओढते हे कुणाला कळणार? ज्याच्या हाताला ते जाणवलं त्यालाच."

सुहासिनीच्या हातून तांब्या निसटला.

"रहिमाननं गाडी नेली नाही, एवढं सिद्ध झालं," घारपुरे म्हणाले. "कुठं नेली, ते मी विचारत नाही."

"म्या इचारतो!" अर्जुनराव ओरडले.

"तिला वरडू नगा," सुनेच्या आधारानं शेडपर्यंत आलेल्या शकुंतलाबाई म्हणाल्या. "मीच सांगितलं तिला. पलीकडच्या वस्तीवर ज्योतिबा हाय. दिनकरसंगं पलटणीत हुता. दोन्ही पाय गेल्यात त्येचं, त्यो येऊ शकत न्हाई. रहिमाननं त्येचा निरोप आनला, आन किल्लीबी मीच मागून घेतली."

"काय सांगतोय ज्योतिबा?" अर्जुनरावांनी विचारलं.

शकुंतलाबाईंनी तोंडाला पदर लावला. रहिमाननं कुणासाठी तुरुंग पत्करला होता, हे मास्तरांना आता कळलं. हे उत्तर या म्हाताऱ्याच्या कानी पडू नये, एवढ्याचसाठी. त्यांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. अर्जुनराव फेटा काढून मांडीवर घेऊन बसले होते आणि छातीवर तळहात दाबत होते, एकदा, पुन्हा एकदा.

मास्तरांनी तो तळहात ओळखला.

"अर्जुनराव," ते हळूच म्हणाले, "घाटावर मी तुमच्या तीन पायऱ्या वर बसतो. दर रविवारी."

अर्जुनरावांनी आतल्या खिशातून लिफाफा काढून बायकोच्या हातात दिला. सरकारी शिक्क्याचा, घड्यांवर फाटत आलेला.

"पोरगा गेल्याचं पत्र. गणपतीत आलं," ते म्हणाले. "तुला कसं सांगू? म्हनून तो येनार, तो येनार म्हनत ऱ्हायलो. घरात रडता येईना, म्हनून सांगलीला जात हुतो. वकील-बिकील कोन न्हाई."

"आवं, मला दिवाळीच्या आदीपासनं ठावं हाय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "घरात त्येचं नाव काढता येईना. दर शनवारी ज्योतिबाकडनं तेच तेच ऐकत हुते. शेवटल्या दोन दिवसांत काय खाल्लं, काय बोलला."

एका छपराखाली राहून दोघांनी एकमेकांना चुकवून केलेला तो शोक! मास्तरांना वाटलं, आपण बरे. आपल्याला निदान लपवावं लागलं नाही. आणि लगेच आपलीच लाज वाटली.

अर्जुनराव उठले आणि रहिमानपुढे उभे राहिले.

"चुकलं माझं, गड्या. उद्या फौजदाराला मीच सांगतो. तू दोरी लाव. मला बी ऐकायचंय, त्यानं काय खाल्लं हुतं ते."

रहिमान सुताची दोरी घेऊन आला. मागच्या चाकापाशी तिचं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. ते अर्जुनरावांनी धरलं.

*

पुढच्या रविवारी लेले मास्तर नेहमीप्रमाणे घाटावर गेले. तीन पायऱ्या खालची जागा रिकामी होती. ती रिकामी असणार हे त्यांना ठाऊक होतं, त्याचा आनंदही होता. जीप आज नदीपलीकडे गेली असेल, मागच्या बाकावर सून, पुढे रहिमानच्या शेजारी शकुंतलाबाई आणि अर्जुनराव खेटून बसलेले.

तरी ते अंधार पडेपर्यंत वाट पाहत बसले. त्यांना फार एकटं वाटलं. मग ते तीन पायऱ्या उतरून त्या जागेवर जाऊन बसले.