दोन गुणांचं घड्याळ

नूला डेव्हानीला या सगळ्यात एक किल्ली हवी होती. जुन्या रेल्वे स्टेशनची. आमच्या ड्रमकॅरी गावातून रूळ उखडून नेले त्याला साठ वर्षं झाली, पण स्टेशनची दगडी खोली, फलाट आणि धुराड्याची शेगडी जागच्या जागी होती. तिथं चहाचं दुकान काढायचं, हे नूलानं शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. किल्ली असायची पबवाल्या ब्रायडीकाकूंच्या एप्रनच्या खिशात, कारण गावाची समिती म्हणजे काकूच. त्यांचा शब्द साफ होता. स्वच्छ गावांच्या स्पर्धेत यंदा पदक आलं तर किल्ली तुझी. नाही आलं तर खोलीत समितीची फावडी राहतील.

गेल्या वर्षी पदक शेजारच्या बॅलीरोननं नेलं. त्यांच्या फुलांच्या कुंड्यांचा विषय आमच्याकडे जेवताना काढत नाहीत.

या स्पर्धेचा परीक्षक सांगून येत नाही. त्यामुळे जून महिन्यात आमच्या गावात अनोळखी माणसाचा भाव फार चढतो. आणि जूनमधल्याच एका मंगळवारी, बारीक पाऊस भुरभुरत असताना, एक उंच तरुण चौकात मान वर करून उभा राहिला. बाजारघराच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बघत, वहीत काहीतरी लिहीत, एक एक पाऊल मागे येत... तो थेट नूलानं नुकत्याच रंगवलेल्या कठड्याला टेकला.

"रंग ओला आहे," नूला म्हणाली.

"हे आत्ता सांगताय?"

"विचारून टेकला असतात तर आधी सांगितलं असतं."

त्यानं कोटाची हिरवी झालेली बाही पाहिली, मग तिच्या नाकावरचा तसलाच हिरवा ठिपका पाहिला, आणि हसला. नूलाचा ब्रश हातातच राहिला.

वही! काकूंनी पबच्या खिडकीतून वही पाहिली आणि पाच मिनिटांत गावाला कळलं — परीक्षक आला. त्याला, म्हणजे फर्गल मुलहर्नला, काकूंनी वरची चांगली खोली दिली, समोर सामन मासा ठेवला, आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. फर्गल मी कोण ते सांगायला तोंड उघडी, आणि काकू त्यात बटाटे वाढत. गाव दाखवायचं काम नूलाकडे आलं.

तिनं मनापासून दाखवलं. छप्पर उडालेला मठ दाखवला, जिचं पाणी लावलं की चामखीळ जाते ती विहीर दाखवली. घड्याळ एकोणीस वर्षं चारला वीस कमीवर का थांबलंय, याची गोष्टही सांगितली. घड्याळजीची प्रेयसी त्या वेळेला बोटीत बसून अमेरिकेला गेली म्हणून. गोष्ट तिनं पुलावरून चालता चालता रचली होती. फर्गलनं इतक्या गंभीरपणे मान हलवली की तिलाच लाज वाटली.

मठाच्या कुंपणात एक प्लास्टिकची पिशवी अडकली होती. गेले गुण, नूलाला वाटलं. फर्गलनं ती काढली, घडी केली आणि खिशात घातली. वही उघडलीच नाही.

तिथंच तिला कळलं. आणि तिथंच तिनं ठरवलं की हे काकूंना सांगायचं नाही. सांगितलं असतं तर उद्याचं फिरणं गेलं असतं.

बुधवारी ती दोघं पुन्हा मठ बघायला गेली. एकदा बघून कळत नाही म्हणे. पबमध्ये काकूंनी खिडकीजवळचं टेबल त्यांच्यासाठी राखलं होतं. सायकलवरून भिजत आलेल्या एका ठेंगण्या बाईला मागच्या अंगणात, सरपणाच्या ढिगाशेजारी बसवून चहा दिला.

गुरुवारी फर्गल म्हणाला, मनोऱ्यात चढू या का. वर धूळ होती, अंधार होता, आणि यंत्राच्या दातांत राखी मानेच्या कावळ्यांनी एकोणीस वर्षं साठवलेल्या काड्या होत्या. पिल्लं उडून गेलेली. फर्गलनं बाह्या सरसावल्या.

"मी परीक्षक नाही," तो काड्या उपसत म्हणाला. "जिल्ह्याच्या कचेरीनं घड्याळ दुरुस्तीला पाठवलंय."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. परीक्षक कचरा टिपतो, उचलत नाही."

"मग काल मला परत मठावर..."

नूला एक काडी फार निरखून बघू लागली.

"मलाही हे काम पहिल्या तासात करता आलं असतं," फर्गल हळूच म्हणाला. मग यंत्राचे दात पुसत — "इथं विजेची मोटर बसवता येते. ती बसवली की वर्षभर कुणी फिरकायला नको. जुनंच यंत्र ठेवलं, तर दर आठ दिवसांनी हातानं चावी द्यावी लागेल. कुणाला तरी साठ किलोमीटर यावं लागेल... काय करू, तूच सांग."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांनाही ऐकू आलं.

"मोटर नको," नूला म्हणाली. "तिचा आवाज होतो."

खाली चौकात माणसं जमली तेव्हा घड्याळ टिकटिकत होतं, आणि पाहुणा परीक्षक नव्हे, घड्याळवाला, हे गावाला कळलं. नूलाच्या नाकावर या वेळी काळं वंगण होतं, आणि ते तिथं कसं लागलं हे काकूंनी विचारलं नाही.

दर आठ दिवसांनी फर्गल येत राहिला. चावी द्यायला दहा मिनिटं लागतात. तो सकाळी यायचा आणि संध्याकाळी जायचा.

ऑक्टोबरात निकाल आला. काकूंनी सभागृहात तो मोठ्यानं वाचला. पदक बॅलीरोनला, दोन गुणांनी. खाली परीक्षक बाईंचा शेरा होता: बुधवारी आले, चहा सरपणाशेजारी मिळाला, चहा उत्तम. गावचं घड्याळ बंद, म्हणून दोन गुण वजा.

मग काकूंनी कोरा कागद पुढे ओढला. मंगळवारी आलेल्या कामगारानं गुरुवारपर्यंत काय केलं, हे त्या कचेरीला लिहून विचारणार होत्या. त्याची नोकरी गेली तरी चालेल, म्हणाल्या. मागच्या बाकावर फर्गल उठायला लागला, पण नूला आधी उठली.

"लिहू नका, काकू. तो परीक्षक नाही हे मला मंगळवारीच कळलं होतं. मी बोलले असते तर त्यानं त्याच दिवशी घड्याळ लावलं असतं. मी बोलले नाही, कारण... मला त्याला अजून दोन दिवस हिंडवायचं होतं. किल्ली राहू दे तुमच्याकडे."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग कानापर्यंत लाल झालेल्या फर्गलकडे.

"आमच्या मिकनं मला मागणी घालायला अकरा वर्षं लावली," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात गावाचे किती गुण बुडाले, कोण जाणे." त्यांनी कागद फाडला आणि एप्रनच्या खिशात हात घातला. "पदक नाही, तर नूलाला किल्ली नाही. शब्द म्हणजे शब्द. पण घड्याळवाल्याला हत्यारं ठेवायला जागा लागतेच. घे रे."

फर्गलनं किल्ली घेतली आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, नूलाच्या तळव्यावर ठेवली. मग आपला हात काढून घ्यायला तो विसरला.

"माझी हत्यारं फार नाहीत," तो तिला म्हणाला. "उरलेल्या जागेत चहाचं दुकान बसेल. आणि मी."

"आधी फावडी बाहेर काढ," नूला म्हणाली, पण हात तिनंही काढला नाही.

तर जमाखर्च असा. गावाचे दोन गुण गेले. काकूंचा तीन दिवसांचा मासा गेला. फर्गलचं साठ किलोमीटरचं येणं-जाणं संपलं, ते जमेला. नूलाचं काहीच गेलं नाही, फक्त तिच्या दुकानात भिजून आलेल्या कुठल्याही ठेंगण्या बाईला चहा फुकट, हा काकूंनी घातलेला नियम आहे. खरी किंमत मोजली ती कावळ्यांनी. त्यांचं एकोणीस वर्षांचं घर गेलं. पण त्यांनीही वसुली केलीच. सध्या ते स्टेशनच्या धुराड्यात राहतात, आणि वसंतात त्यांची पिल्लं उडेपर्यंत नूला शेगडी पेटवत नाही.