ओल्या भिंतीतली माणसं

साहेब, ती भिंत तुम्ही एकदाही ओली झालेली पाहिली नव्हती, आणि तरी तिच्यावर सिमेंट फासायचा हुकूम काढलात. जुन्या टपालघराची डागडुजी म्हणे. सही ठोकायला तुम्हाला मिनिटही लागलं नसेल. ती निस्तरायला दोन शाळकरी पोरांची अर्धी सुट्टी गेली. कशी गेली, ते ऐका.

ठकी रोज दुपारी मावशीचा डबा घेऊन टपालघरात जायची. मावशी गिलावा करणारी. वीस वर्षं भिंतींशी झटून तिचे खांदे कायमचे उतरले होते. ठकीबरोबर तिच्या वर्गातला चष्म्या यायचा. घरी त्याचं कोणी ऐकून घेत नसे. इथल्या रिकाम्या दालनात निदान त्याचाच आवाज त्याला परत ऐकू यायचा.

त्या दिवशी मावशीने भिंतीवर पाणी मारलं होतं. कोरडी भिंत गिलाव्यातलं पाणी ओढून घेते, म्हणून आधी तिला पाजावं लागतं. ठकी डबा उघडत होती, तेवढ्यात पांढऱ्या चुन्यातून एक निळा पाय वर आला. मग घोटा. मग पोत्याचं तोंड बांधणारे दोन हात.

"मावशी, भिंतीत कोणीतरी आहे."

"माहीत आहे," मावशी म्हणाली, आणि भिंतीकडे पाठ करून जेवायला बसली.

जेवण होईतो भिंत वाळली आणि पाय नाहीसा झाला. मग घासाघासाला थांबत मावशीने सांगितलं. कोणे एके काळी कुणीतरी चित्रावर चुना फिरवला होता, आणि पातळ चुना ओला झाला की खालचं दिसतं. पहिल्याच दिवशी तिने मुकादमाला सांगितलं होतं. तो चहा संपवून सावकाश आला, तोवर भिंत कोरडी ठणठणीत. तो म्हणाला, बाई, भिंती बघायला साहेब आहेत, तू थापी चालव. तिने चालवली. न चालवून सांगते कुणाला? अर्धी भिंत सिमेंटखाली गेली. सगळ्यात आधी एका बाईचा चेहरा गेला. तो आता मावशीला झोपू देत नव्हता.

उरलेली अर्धी भिंत उद्यापासून.

चष्म्याने ताबडतोब थाप्या पळवायचा बेत आखला. "म्हणजे चोरीचा आळ मावशीवर. फार हुशार आहेस," ठकी म्हणाली. तिची नजर जिन्याखाली गेली होती. तिथे खात्याच्या जुन्या पाट्यांचा ढीग पडला होता. त्यातली एक तिने फ्रॉकने पुसली: तपासणी चालू आहे. काम बंद ठेवावे.

सकाळी मुकादम येण्याआधी ती पाटी भिंतीसमोर तारेने टांगलेली होती.

मुकादमाने पहारेकऱ्याला विचारलं. पहारेकरी म्हणाला, कचेरीतून आली असेल. कचेरी म्हणाली, वरून आली असेल. वर कोण, ते कुणी विचारलं नाही. तुमच्या खात्यात पाटी काढणाऱ्याला वहीत सही करावी लागते ना साहेब, मग पाटीला हात कोण लावणार? चार दिवस सगळे तिच्याकडे तिरकं बघत पुढे गेले. पहिल्या दिवशी पोरं पोट धरून हसली. चौथ्या दिवशी हसायचंही त्राण नव्हतं. पायरीवर बसून पहारा करायचा आणि रिकाम्या हातांनी बसलेल्या मावशीकडे बघायचं, एवढंच.

पाचव्या दिवशी तुम्ही स्वतः आलात. पाटी कुणी लावली, म्हणून विचारलंत. बोललं तर मावशीचं काम जाणार. गप्प बसलं तर भिंत.

"मी लावली," ती म्हणाली. "तपासणीही मीच केली. दाखवू?"

मुकादम तिचा दंड धरायला पुढे झाला. तेव्हा मावशी उठली. गुडघ्यांवर हात टेकून, दमलेलं माणूस उठतं तशी. तिने कुंचा बादलीत बुडवला आणि भिंतीवर झटकला. पुन्हा, पुन्हा. चष्म्या दर वेळी बादली इतक्या घाईने पुढे करत होता की अर्धं पाणी तुमच्या बुटांत गेलं. तुम्हाला ते कळलंही नाही.

भिंतीत माणसं येत होती. पोती बांधणारी, पत्रं वेचणारी, पोत्यावर डोकं टेकून झोपलेली एक मुलगी. ती सिमेंटपाशी खांद्यातून सरळ कापलेली होती.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?" तुम्ही विचारलंत.

"सांगितलं होतं," ठकी म्हणाली. "पण तोवर भिंत वाळली होती."

मग तुम्ही पोरांच्या पाठी थोपटल्यात. शाळेत सत्कार झाला, मुख्याध्यापकांनी भाषण केलं, वर्तमानपत्रात फोटो आला. मुकादम सगळ्यांना सांगत सुटला की त्याला आधीपासूनच शंका होती. फोटोत मावशी नाही. तेव्हा ती मागे बादली धूत होती.

अर्धी भिंत अजून सिमेंटखालीच आहे. मावशी म्हणते, छिन्नीने बोट बोट पुढे सरकलं तर खालचा रंग वाचेल. उशीर झाला तर आत कोंडलेली ओल त्या रंगाला भिंतीपासून सोडवून टाकेल. हे तिने तुम्हाला तीनदा लिहून कळवलं, ठकीच्या अक्षरात. तिन्ही वेळा उत्तर आलं: विचार चालू आहे.

कसला विचार, साहेब? जिच्या हातून तो चेहरा गाडून घेतलात, तिच्याच हातांना तो मोकळा करता येतो. तिला कधी बोलावताय? तारीख सांगा.