तीन वाजताची हाक

खोटं वाटेल त्याने खुशाल सोडून द्यावं. पण हे माझ्या सख्ख्या आईच्या बाबतीत घडलंय, आणि मी तिथे होते.

गाव पोशीर, नेरळजवळ. गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. वेळ रात्रीची नाही... भर दुपारचे तीन.

आईला ऐकू येत नाही. कानाचं मशीन मीच घेऊन दिलं. दुकानदाराने विचारलं, सेलवालं देऊ की चार्जिंगचं? आईचे हात कापतात. बटणाएवढे सेल ती कुठे बदलत बसणार? मी शहाणपणा केला, चार्जिंगचं घेतलं.

रात्री लाईटीचा भरवसा नसतो. म्हणून आई दुपारीच मशीन काढून चार्जिंगला लावायची आणि आडवी व्हायची. ते दोन-तीन तास ती ठार बहिरी.

त्या दुपारी बाबा घरामागच्या खळ्यावर भात झोडत होते. छातीत कळ आली...

शेजारची भागीकाकी नंतर रडत सांगत होती, "तीन हाका ऐकल्या गं मी. पानी मागत व्हते. मला वाटलं, तुजी आय हाय ना घरात."

आई घरातच होती. दहा पावलांवर.

तेरावं झालं. मी दहिवलीला सासरी न जाता तिच्याजवळ राहिले.

दुसऱ्याच दुपारी... मशीन चार्जिंगला होतं. आई झोपलेली. घरात चिडीचूप.

अचानक ती उठून बसली.

"आले ओ..."

तांब्या भरून खळ्यावर गेली. मी मागे धावले. तिथे कोणीच नव्हतं. ती तांब्या ठेवून शांतपणे परत आली.

संध्याकाळी मी तो उचलला... आत थेंबही नव्हता.

मग रोज तेच.

मी घाबरले. कर्जतहून सेलवालं मशीन आणलं. आठवड्याला येऊन सेल मी बदलेन म्हटलं. आता ते दिवसभर तिच्या कानात.

आईचं उठणं थांबलं. मला हायसं वाटलं.

चौथ्या दिवशी तिने मशीन काढून माझ्या हातात ठेवलं.

"चार्जिंगचंच दे गं. ह्यात सगळं ऐकू येतं, त्यांचं तेवढं नाय येत. परत तहानलेलं ठेवू का त्यांना?"

मी चार्जिंगचं काढून दिलं.

आता ती कुठलंच मशीन घालत नाही.

काल दुपारी गेले होते. ती ओटीवर पाठमोरी बसलेली. मी चारदा हाक मारली, "आई..." तिने मान वळवली नाही.

मग ती एकदम हसली.

"आले ओ," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघताच मागच्या दाराने निघून गेली.