कागदावर कापलेलं अपेंडिक्स

"आक्का, माझं अपेंडिक्स चोरीला गेलंय," आगीच्या बंबाचा ड्रायव्हर पोट धरून म्हणाला.

खाजगी गुप्तहेर आक्काच्या यजमानांनी कप खाली ठेवला. "मग दुखतंय काय?"

"तेच. संध्याकाळी ऑपरेशन आहे. विमा कंपनी म्हणते, गेल्या महिन्यात काढून झालंय, पुन्हा पैसे नाहीत. नगर परिषदेच्या गटविम्याचं कार्ड तर माझ्या आगीच्या कोटात, जागच्या जागी. पण आमच्या ठाण्यात चोर नाही, छाती ठोकून सांगतो."

आक्काची नजर अशी, की सावलीसुद्धा खरं बोलून जाई. ती यजमानांना घेऊन अग्निशमन ठाण्यावर गेली.

शिडीवाला खांबावरून सर्रकन खाली आला. "गेल्या महिन्यातली गोदामाची आग? घंटा झाली की हाताला येईल तो कोट. नावं वाचत बसलो तर गाव जळायचं."

"मला उरलाच नव्हता," ड्रायव्हर म्हणाला. "मी काय, गाडीतच बसणार."

टेलिफोनवाल्या ताई म्हणाल्या, "पाइपवाल्याला विचारा. गोदामाच्या पहारेकऱ्याला आगीतून खांद्यावर टाकून आणलं त्यानं. त्याच्याबरोबर रुग्णवाहिकेतून गेला, तो थेट आठवड्यानं उगवला. गावी गेलो होतो म्हणे. कंत्राटी माणूस, ना रजा ना विमा."

पाइपवाला वरून आला, तो जिन्यानं. यजमानांनी विनोद केला. तो पोटावर हात दाबून हसला.

"लाजाळू आहे," यजमान कुजबुजले.

"अहो, लाज पोटात नसते," आक्का म्हणाली.

तिनं सगळ्यांना बंबापाशी जमवलं. "चोर नाहीच. खांबावरून सरकायला आणि मोकळं हसायला ज्याचं पोट घाबरतं, त्याला टाके आहेत. हा पाइपवाला ड्रायव्हरचा कोट घालून आगीत गेला आणि दवाखान्यात पोटदुखीनं कोसळला. तोंडभर काजळी, फोटो कोण जुळवणार? खिशातलं कार्ड, तेच नाव."

पाइपवाल्यानं मान खाली घातली. "जाग आली तेव्हा ऑपरेशन झालं होतं. बिलाच्या धास्तीनं कोट कार्डासकट जागेवर टांगला आणि गप्प बसलो. काका, तुमचंही दुखेल हे डोक्यातच आलं नाही."

ठाणेप्रमुखांनी टोपी नीट केली. "कंपनीला खरं मी कळवतो. बिल ठाणं भरेल. आणि परिषदेला सांगतो, एका आगीत जाणारे एकाच विम्यात हवेत."

"सोनोग्राफी करा," आक्का म्हणाली. "अपेंडिक्स स्वतः साक्ष देईल."

दिली. संध्याकाळच्या आत मंजुरी आली.

स्ट्रेचरवरून जाताना ड्रायव्हर भेटेल त्या नर्सला सांगत होता, "मी जन्मभर गाडीत बसलो. माझा कोट मात्र आगीत शिरून माणूस घेऊन आला."

पाइपवाला स्ट्रेचर ढकलत होता. त्या दिवशी तो पोट न धरता हसला.