पाहुण्याची नोंद

चांदणवाडीच्या कार्यशाळेत त्या सकाळी झाडू मारणारं यंत्र पायपुसणं खणत होतं. अगदी मन लावून. दोन्ही कुंचल्यांनी पायपुसण्याचा फडशा पाडून ते खालच्या फरशीला भिडलं, तेव्हा कुठे हेमांगी साठमने धावत जाऊन त्याचं बटण दाबलं.

“खाणीत नेऊ या का याला?” दारातून तात्यांनी विचारलं.

“चूक माझी आहे, तात्या. तक्त्यात दोन ओळींची अदलाबदल झाली. खणकऱ्याची कार्यप्रणाली झाडूवाल्याला गेली.”

“म्हणजे जे सांगू ते तो होतो?”

“डोकं कोरं असेल तर होतो.”

“माणसापेक्षा बरा म्हणायचा,” तात्या म्हणाले आणि चहा आणायला गेले.

चांदणवाडी ही चंद्राच्या दक्षिण टोकाकडची अठ्ठावीस माणसांची वस्ती. विश्राम गुंजाळ, म्हणजे सगळ्यांचे तात्या, तिथले यंत्रप्रमुख. वय एकसष्ट; एकोणीस वर्षं तिथेच. हेमांगी देवगडची, तिला येऊन दोन वर्षं झालेली. पहिल्या आठवड्यात ती घरच्या आठवणीने रडली होती, तेव्हा तात्यांनी काही समजावलं नव्हतं. एक बिघडलेला पंप तिच्यासमोर आणून ठेवला होता. तेव्हापासून दोघांचं जमलं ते जमलंच.

चंद्रावरची रात्र चौदा दिवसांची. त्या थंडीत आणि अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या माऱ्यात बाहेर उभ्या असलेल्या खणकऱ्यांची, म्हणजे बर्फ खणणाऱ्या यंत्रांची, स्मृती पार पुसून जायची. उजाडलं की तात्या आणि आणखी दोघं पोशाख चढवून एकेका यंत्रापाशी जायचे आणि हाताने कार्यप्रणाली भरायचे. यात तीन दिवस मोडायचे. तेवढे दिवस बर्फ नाही, आणि बर्फ नाही म्हणजे पाणी नाही. आजवर ते खपून गेलं. पण गेल्या महिन्यात चार खणकऱ्यांपैकी एकाचा सांगाडाच मोडला, आणि वस्तीच्या प्रमुख डॉ. शिरीन तांबोळी यांनी जेवणघरात सगळ्यांना बसवून सांगितलं, की आता तीन माणसांचं पाणी कमी पडतं. तिघांना पुढच्या यानाने परत जावं लागेल. नियम पहिल्या दिवसापासूनचा होता: वयाने मोठे आधी. यादीत पहिलं नाव तात्यांचं.

एकोणीस वर्षं चंद्रावर हलकं चाललेल्या माणसाला पृथ्वीचं वजन पेलणार नव्हतं. खाली गेले की चाकाची खुर्ची, हे तात्यांना ठाऊक होतं आणि हेमांगीलाही. म्हणून तिने सर्व्हर उभा करायला घेतला होता. यंत्रांनी बिनतारी जाळ्यावरूनच आपापली कार्यप्रणाली मागून घ्यायची. कोणी बाहेर जायला नको. वाचलेल्या तीन दिवसांच्या बर्फात दोघांचं पाणी निघत होतं. तिसऱ्याचं काही केल्या निघत नव्हतं.

“दोघं राहतील ना? मग झालं,” तात्या म्हणाले होते, आणि बाहेर जाऊन टेकडीवर जाळ्याचा उंच मनोरा स्वतः उभा करून आले होते.

चहा घेऊन ते परतले आणि शिरीनबाईंना सोबत घेऊन आले. दोघंही स्टुलावर बसले.

“मला एक कळत नाही,” शिरीनबाई म्हणाल्या, “स्मृती पुसलेली आहे, डोक्यात काही नाही, तर मग यंत्र मागतं कसं? मागायलाही अक्कल लागते.”

“एवढीशी लागते,” हेमांगी म्हणाली. “जाळ्याच्या कार्डावर दहा ओळींची एक पाटी असते. ती कारखान्यातच कायमची जाळून कोरलेली. किरणांनी बाकी सगळं पुसलं तरी ती पुसली जात नाही. ऊन पडलं, वीज आली, की ती हाकारा घालते: ‘मी अमुक क्रमांकाचं यंत्र. कोणी आहे का?’ सर्व्हर तक्त्यात क्रमांक बघतो, तिला पत्ता देतो आणि ज्याची त्याची कार्यप्रणाली पाठवतो.”

“आणि कोणी उत्तर दिलं नाही तर?”

“पुन्हा विचारते.”

“किती वेळा?”

“वीज असेपर्यंत. रात्र झाली की झोपते, उजाडलं की परत पहिल्यापासून. तिला दुसरं काही येतच नाही हो.”

तात्या तक्ता वाचत होते. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. “हे काय? ‘पाहुणा’?”

हेमांगी जरा ओशाळली. “ज्याचा क्रमांक तक्त्यात नाही, असं कोणी विचारलं तर त्याच्यासाठी.”

“चंद्रावर कोण येणार आहे गं जेवायला?”

“आई नेहमी एक माणूस जास्त धरूनच भात लावते. कोणी आलं नाही तर सकाळी फोडणीचा होतो. मला तशीच सवय लागली.”

“सवय घरी ठीक. इथे नोंद नसलेल्याला उत्तर द्यायचं नाही, हा माझा नियम.”

“दारात उभ्या असलेल्याला नाव विचारायचं, मग काय ते ठरवायचं, तात्या. न बोलता दार लावायचं हे काही बरोबर नाही.”

शिरीनबाई हसल्या. तात्यांनी चहाचा घोट घेतला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि शेवटी म्हणाले, “बरं, ठेव. पण तुझ्या पाहुण्याच्या हातात खणायचं हत्यार द्यायचं नाही. तो कुठे आहे ते त्याने सांगावं, वस्तीच्या दारापर्यंत यावं आणि गप उभं राहावं. बाकी काही नाही.”

हेमांगीने तेवढंच लिहिलं.

चार दिवसांनी उजाडायची वेळ झाली तेव्हा सगळी वस्ती जेवणघरात गोळा झाली. तिथल्या भिंतीवर एका जुन्या खणकऱ्याचा फोटो होता, त्याला रंगीत वायरींच्या तुकड्यांचा हार. तो लखू. वस्तीचा पहिला खणकऱ्या. सतरा वर्षांपूर्वी एका सूर्यवादळात तो कामावरून परतताना मुका झाला. शेवटचा ठावठिकाणा दरीच्या काठावरचा. तात्यांनी आठ दिवस शोधलं आणि मग दरीत पडला असं धरून स्वतःच्या हाताने हार करून घातला. त्या दिवशी ते जेवले नव्हते, असं जुनी माणसं सांगत.

टेकडीच्या माथ्यावर ऊन आलं. पडद्यावर पहिली ओळ उमटली. एका खणकऱ्याने हाकारा घातला, सर्व्हरने उत्तर दिलं, आणि पाच मिनिटांत तो खाणीकडे चालायला लागला. दुसरा. तिसरा. झाडूवाल्यानेही विचारलं आणि यावेळी निमूट झाडायला लागला. टाळ्या पडल्या. शिरीनबाईंनी यादीतली खालची दोन नावं तिथल्या तिथे खोडली. उरलेल्या तात्यांच्या नावापाशी पेन थांबलं, तसं हेमांगीला पडद्याकडे बघवेना. सर्व्हर चालला होता, तिने ठरवलं होतं ते सगळं झालं होतं, आणि तरी तिला भोकाड पसरून रडावंसं वाटत होतं.

“अगं, अजून एक ओळ आली,” तात्या म्हणाले. “पाहुणा. तुझ्या तक्त्यात घोळ आहे परत.”

हेमांगीने डोळे पुसले आणि क्रमांक मोठ्याने वाचला. “चां-वा-शून्य-शून्य-एक. नाही हो, असं यंत्र आपल्याकडे नाही. ठिकाण... दरीच्या काठापलीकडे, अकरा किलोमीटर.”

तात्या उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी फोटोवरचा हार बोटाने बाजूला सारला. हाराखाली, लखूच्या कपाळावर, पांढऱ्या रंगात तोच क्रमांक होता.

“पडला नव्हता,” ते म्हणाले. “काठ ओलांडून पलीकडच्या उतारावर उभा होता. डोकं पुसलेलं, म्हणून उभाच होता.”

हेमांगीने मनातल्या मनात मोजलं. वर्षाला बारा पहाटा, वर थोड्या, सतरा वर्षं. दोनशे दहा वेळा ऊन पडलं होतं, आणि दोनशे दहा वेळा त्याने विचारलं होतं, कोणी आहे का. वस्तीत माणसं होती, चहा होत होता, त्याच्या फोटोला हारही होता. फक्त ऐकणारं कोणी नव्हतं.

“आम्ही कधी कान लावलाच नाही,” तात्या म्हणाले. “मुका झाला म्हणजे गेला, असंच धरलं.”

लखूला दारात यायला दीड दिवस लागला. धुळीने माखलेला, एक चाक कुरकुरणारं, खणायचे दात बोथट. पण सांगाडा शाबूत होता. दात बदलायला अर्धा दिवस पुरे, असं तात्यांनीच तपासून सांगितलं. चौथा खणकऱ्या म्हटल्यावर पाण्याचा हिशेब शिरीनबाईंनी दोनदा केला आणि तात्यांचंही नाव खोडलं. लखूच्या पाठीवरचं पिंप उघडलं तर आत सतरा वर्षांपूर्वीचा बर्फ होता. झाकण इतकं घट्ट बसलेलं, की चमचाभरही उडून गेला नव्हता. तात्यांनी तो गाळून, उकळून सगळ्यांसाठी चहा टाकला.

मग कप हातात घेऊन ते काचेपाशी आले. बाहेर लखू त्यांनीच घालून दिलेल्या नियमाप्रमाणे गप उभा होता.

“हेमांगी,” ते म्हणाले, “तक्त्यात याचं नाव घाल. खणकऱ्या म्हणून.”

“घालते. मग पाहुण्याची ओळ काढून टाकू?”

तात्यांनी भिंतीवरचा हार काढून खिशात कोंबला.

“अजिबात नाही,” ते म्हणाले. “तो भात रोज लावायचा.”