चांदीच्या पाटल्या आणि काचेची बांगडी

चिचगडला गाडीचं चाक पंक्चर झालं नसतं, तर मंगली दुपारच्या बसने माहेरी गेली असती, ती कायमचीच.

खासगी तपासाचं काम करणाऱ्या दुर्गेश्वरीबाई गोंदियाहून छत्तीसगडकडे भटकायला निघाल्या होत्या. गाडी हाकायला भाचा उमेंद्र. टेकचंदच्या दुकानात पंक्चर निघेपर्यंत शेजारी सुशिलाबाईंच्या हॉटेलात चहा घ्यावा, एवढाच बेत होता.

पण चहाआधी आरडाओरडाच कानी आला.

"काऊन चोरल्या माह्या पाटल्या? तुलेच देणार होती ना मी! तुह्या हातात मोठ्या होत होत्या, म्हणून ठेवल्या होत्या!"

सुशिलाबाई सुनेवर बरसत होत्या. मंगली गाठोडं घेऊन दारात उभी होती; तिचा नवरा महिनाभर परगावी कामाला होता. बाजाराच्या दिवशी पेटीत पाहिलेल्या चांदीच्या पाटल्या आज गायब होत्या.

उमेंद्रचा जीव कळवळला. "आत्या, ही पोरगी चोर नाही."

"मागच्या खेपेला रडणाराच चोर निघाला होता," आत्याने त्याला गप्प केलं. "पोरी, तुझं काही गेलं का?"

"एक काचेची बांगडी. मोहा वेचाले जाते तं काढून कोनाड्यात ठेवते. बाजाराच्याच दिवशी गेली."

तिची बोटं सकाळच्या मोहफुलांनी चिकट झाली होती. पाय राखेने काळे होते. झाडाखालचा पाला जाळूनच इथे मोहा वेचतात.

टेकचंद हा सुशिलाबाईंचा दीर. तोही आत आला. "वहिनी, माह्याकडे नको पाहू. हे हात पाह्य, ऑइलनं काळे. पेटीले लावले असते तं डाग पडला नसता?"

पेटीतलं, पाटल्या गुंडाळायचं पांढरं फडकं खरंच स्वच्छ होतं.

तेवढ्यात घरधनी घनश्यामराव टोपली घेऊन आले.

"कुठून येऊन राहिले?" सुशिलाबाई कडाडल्या.

"झाडाखालून. पहाटंपासून मोहाच वेचून राहिलो."

टोपलीत तपकिरी, सुरकुतलेली फुलं होती. धुतल्यासारखे स्वच्छ पाय घेऊन ते कोपऱ्यात टेकले.

"सापडला चोर," दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या.

उमेंद्रने टेकचंदकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे चुकीच्या माणसाकडे.

"चांदी नेणारा काचेची एकच बांगडी कशाला नेईल? सोनाराला मंगलीच्या हाताचं माप द्यायला! पाटल्या विकायला नाही, लहान करायला गेल्या. मंगलीला मापाची गरज नाही, तिचा हात तिच्यापाशीच आहे. टेकचंदचे हात काळे, पण फडक्यावर डाग नाही. उरले घनश्यामभाऊ. ताजा मोहा पांढुरका आणि रसाळ असतो. यांच्या टोपलीतला वाळलेला आहे, पायांना राखेचा कण नाही. हे झाडाखालून आलेच नाहीत."

घनश्यामरावांनी टोपली पालथी केली. फुलांतून पाटल्या निघाल्या आणि बांगडीही.

"देवरीच्या सोनाराकडून आणल्या. तुले नवल वाटावं म्हणून सांगतलं नाही. मागल्या दारी तुहा आवाज ऐकला अन् तिथं वाळत होता तो मोहा वरून टाकला. हिंमतच नाही झाली."

"अन् सून घर सोडून जाऊन राहिली तरी?"

सुशिलाबाईंनी मंगलीचा हात ओढून पाटल्या चढवल्या. नेमक्या बसल्या.

"चुकलं माहं, बाई," म्हणत त्यांनी तिला पोटाशी धरलं. उमेंद्रनेही हळूच डोळे पुसले.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. सुशिलाबाईंनी सुनेचं गाठोडं उचलून नवऱ्याच्या हातात कोंबलं.

"जा. आता तुम्हीच राहून या तिच्या माहेरी!"