सांध्याची किल्ली

कुलपाचा दांडा रूळ बाजूच्या मार्गाकडे वळवण्याच्या खुणेवर असला, की पितळी किल्ली कुलपात अडकून राहायची. रूळ सरळ ठेवण्याच्या खुणेवर आणला, की अलगद हातात यायची. तिने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. जुन्या धातूंची डागडुजी हाच तिचा पेशा. एकदा पाहून तिचं समाधान होत नसे.

बंद पडलेली छोटी गाडी उद्यापासून वारसा म्हणून पुन्हा धावणार होती. बावटा दाखवण्याचा मान शेवटच्या स्टेशनमास्तरांचा. स्टेशनाच्या संग्रहालयासाठी जुन्या वस्तू निवडताना रूळ वळवणाऱ्या सांध्याचं हे चेपलेलं कुलूप तिला भंगारात सापडलं. अपघातातलं. किल्ली आतच होती.

त्या दिवशी हेच मास्तर कामावर असताना गाडी बाजूच्या रुळावर शिरून उभ्या वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, आदळली. इंजिनात कोळसा टाकणारा पोरगा गेला. दोष सांधेवाल्याच्या माथी बसला. मेलेला त्याचाच पाठचा भाऊ. त्यांच्या आईने मरेपर्यंत थोरल्याच्या हातचं पाणी घेतलं नाही.

तो सांधेवाला म्हणजे तिचे बाबा. विषय काढला की म्हणायचे, “सोडून दे.” ती कोणाची कोण, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं.

दुपारी मास्तर उद्याच्या समारंभाच्या तालमीला संग्रहालयात आले, सोबत वारसा समितीच्या अध्यक्षबाई. बाबांना तिने आधीच खिडकीपाशी पाठमोरं बसवलं होतं. अपघाताचं विचारताच मास्तर रंगात आले. सांधेवाला म्हणजे निव्वळ आळशी गोळा, सख्खा भाऊ गिळून बसला, वगैरे.

“तुम्ही सिग्नल दिलात कसा?” तिने विचारलं.

“किल्ली माझ्या हातात आल्याशिवाय सिग्नल नाही, हा नियम. त्याने आणून दिली, मग दिला.”

“दुसरी किल्ली?”

“एकच. शेवटपर्यंत माझ्या कमरेला. तो बसला चहा पीत. वाघीणसुद्धा मलाच माणसं लावून बाजूच्या रुळावर ढकलावी लागली.”

“किल्ली आणून दिल्यानंतर?”

“नंतरच की.”

तिने कुलपाचा दांडा बाजूच्या मार्गाच्या खुणेवर वळवला. “आता ही काढून दाखवा.”

मास्तरांनी ओढली. हिसडली. किल्ली हलेना.

“रूळ वळलेले असताना ही निघत नाही,” ती अध्यक्षबाईंना म्हणाली. “म्हणजे सांधेवाल्याने ती आणून दिली, तेव्हा रूळ सरळ होते. वाघीण बाजूच्या रुळावर घ्यायला सांधा पुन्हा वळवावा लागतो. किल्ली एकच, आणि ती यांच्या कमरेला. यांनी सांधा वळवला, सरळ करायला विसरले, आणि सिग्नल दिला. कमरेला म्हणतात ती किल्ली मला चेपलेल्या कुलपात मिळाली. डब्यांखाली दबलेलं कुलूप चौकशीत कोणी पाहिलंच नाही.”

खिडकीपाशी बाबा सावकाश उठून वळले, तसे मास्तर त्यांना ओळखून मागे सरकले.

झालं गेलं गंगेला मिळालं, आपल्या दोघांचीही लाकडं मसणात गेलीत, असं काहीबाही मास्तर पुटपुटले. “सोडून द्या आता.”

बाबांनी कुलूप उचलून मास्तरांच्या हातात कोंबलं. जन्मभर ते या माणसाला साहेब म्हणत आले होते.

“नाही सोडणार,” बाबा म्हणाले. “उद्या गाडीपुढे उभा राहा, आणि माझ्या भावाला कोणी मारलं ते सगळ्यांसमोर तुझ्या तोंडाने सांग.”